धरलेली खुर्ची

चित्रपट महोत्सवात निर्वासितांवरचा सिनेमा लागला होता. माझ्या शेजारच्या बाईंनी पलीकडच्या खुर्चीवर पिशवी ठेवून जागा धरली होती. काठी टेकत एक आजोबा आले.

“इथं कुणी आहे का हो?”

“येतायत,” पडद्यावरची नजर न काढता बाई म्हणाल्या. आजोबा पायरीवर बसले.

पडद्यावर एक कुटुंब आसरा मागत दारोदार हिंडत होतं आणि बाई मुसमुसत होत्या. आपल्याला दुसऱ्याचं दुःख बघायलाही आधी ऐसपैस जागा लागते. सिनेमा संपला तरी त्या खुर्चीत पिशवीच बसलेली होती.

शेवटच्या दिवशी त्याच सिनेमाला पहिला पुरस्कार मिळाला. टाळ्या वाजवायला सगळं सभागृह उभं राहिलं. या वेळी पुढच्या रांगेत बसलेल्या त्याच बाईही उठल्या. उठताना आपल्या खुर्चीवर पिशवी ठेवायला मात्र विसरल्या नाहीत.