पान खाऊन दिलेली चाल

माझी स्वतःची, स्वतः रचलेली पहिली चाल मी पान खाऊन घालवली.

ही गोष्ट सत्तरच्या दशकातली. पूर्णेच्या रेल्वेत मी पार्सल ऑफिसात कारकून होतो आणि संध्याकाळी आमच्या वस्तीतल्या बँडात क्लॅरिनेट वाजवायचो. रेल्वे कॉलनीत एक गोवेकर गार्ड राहायचे. ड्यूटी नसली की ग्रामोफोनवर जॅझच्या तबकड्या लावून ओट्यावर बसायचे. आधी मी तिथं चहासाठी जात असे, मग ऐकण्यासाठी जाऊ लागलो. त्या नादात एक चाल सुचली. ठेका आपला वरातीतलाच, पण सूर असे की चालता चालता कुणाला ठेच लागावी आणि पडता पडता त्यानं सावरावं. बँडातले तिला 'लंगडी' म्हणू लागले. मी रागावल्याचं सोंग करायचो. आतून फुलायचो.

चालीची गरज मात्र खरीच होती. परभणीच्या चौदा एप्रिलच्या जयंतीच्या मिरवणुकीत आमचा बँड वर्षानुवर्षं वाजवत आला होता. पण त्या साली कमिटीनं बजावलं होतं की त्याच त्या शिणुमाच्या चाली पुन्हा आणल्या तर पुढच्या खेपेला नांदेडचा बँड. आमच्या मास्तरांनी, कॉर्नेट वाजवायचे ते, महिनाभर सगळ्यांकडून लंगडी घोटून घेतली. आमचा मिरवणुकीतला मान आता तिच्या एका पायावर उभा होता.

हंगामाच्या आधी आसपासचे बँडवाले पूर्णेत एकत्र जमायचे. नव्या चाली एकमेकांना ऐकवायच्या, आवडली तर मागायची. मागायची रीत ठरलेली. मागणारा मास्तर चाल रचणाऱ्यापुढं विडा ठेवणार. विडा कपाळाला लावून परत दिला तर नकार. मोडून अर्धा परत दिला तर चाल दोघांची. आणि अख्खा तोंडात टाकला तर चाल वर्षभर मागणाऱ्याची, रचणाऱ्यानं तिला हात लावायचा नाही. ना कागद, ना शिक्का. हे सगळं मला नंतर कळलं. आधी कुणी सांगितलं नाही, कारण मी चाल रचीन आणि ती कुणी मागेल, असं आमच्या बँडात कुणाच्या स्वप्नातही आलं नव्हतं.

लंगडी संपली तशी वाहवा झाली. पाथरीच्या बँडाचे मास्तर उठले. जाडजूड मिशा, जिभेवर निजामाच्या काळातला गोडवा. त्यांनी माझ्यापुढं तबक धरलं. मला वाटलं, काय ही कदर! मी विडा उचलला, तोंडात कोंबला आणि चुना जरा कमी आहे असंही सांगितलं. दुसऱ्या विड्याकडं हात गेला तेव्हा आमच्या ढोलवाल्यानं माझं मनगट धरलं.

आमच्या मास्तरांनी कॉर्नेट उलटं करून त्यातली थुंकी झटकली आणि विचारलं, "गिळलास का?"

मी मान हलवली.

"मंग झालं."

दुसऱ्या दिवशी मी एसटीनं पाथरी गाठली. पार्सल ऑफिसात असल्यानं चुकून दुसऱ्याला गेलेला माल परत मिळतो, अशी माझी ठाम समजूत. पाथरीच्या मास्तरांनी जेवू घातलं, माझं अज्ञान शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाले, "चाल मागायला आलास, खुशी हाय. माझं पान आणलंस का माघारी?" त्यांचा सगळा बँड खदखदून हसला. मग त्यांनी लंगडी वाजवून दाखवली आणि विचारलं, बरोबर बसायलीय का. मधल्या एका जागेला ते घसरत होते. ती जागा मी त्यांना नीट बसवून दिली. चांगली घोटून. परतीच्या एसटीत बसल्यावर माझ्या ध्यानात आलं की मी काय करून आलो.

गार्डसाहेबांना ही कर्मकहाणी सांगितली तर ते इतके हसले की तबकडीवरची सुई उचलायची विसरले. मग आपल्या मोडक्या हिंदीत म्हणाले, "तुमने ओटा दिया, बाबा. घर किधर दिया?" त्यांचं म्हणणं असं, की जॅझमध्ये चाल हा नुसता ओटा. तिथून आत शिरल्यावर वाजवणारा त्या घडीला जे रचतो ते घर. ते अजून जन्मालाच आलेलं नाही, तर पान खाऊन देशील कसं?

मी पळत मास्तरांकडं गेलो. त्यांनी सगळं ऐकलं आणि डोळे बारीक केले. "म्हंजे पाठ न करता वाजवायचं? भर मिरवणुकीत? ठरवून चुकायचं म्हण की." पण दुसरं काही हातात नव्हतं, आणि उरलेले दिवस आम्ही ठरवून चुकण्याची तालीम केली.

जयंतीला परभणीत निळे झेंडे, गुलालासारखी उधळलेली नीळ, पांढरी लुगडी नेसलेल्या बाया. माझी आई वस्तीतल्या बायांबरोबर सकाळच्या गाडीनं आली होती. मिरवणुकीत पाथरीचाही बँड होता; पुढं ते माझी लंगडी वाजवत चालले होते, आणि मी बसवून दिलेल्या जागेला लोक माना डोलावत होते. मागं आम्ही, बिनचालीचे.

मास्तरांनी हात वर केला. ढोल सुरू झाला. मी चार-दोन तुकडे मनाशी जुळवून ठेवले होते, ते क्लॅरिनेट ओठाला लागताच पार उडाले. पहिलाच सूर भलता लागला. सोडला तर हसं होईल म्हणून मी तो धरूनच ठेवला, लांबवला, वाकवला. तेवढ्यात मास्तरांनी कॉर्नेटवर तोच भलता सूर उचलला, जणू मी काही विचारलं होतं आणि ते उत्तर देत होते. मग मी पुन्हा विचारलं. ढोलवाला मध्ये पडला. आमचं तिघांचं भांडण जुंपलं, आणि पोरं नाचता नाचता आमच्याभोवती गोळा झाली. पुढची मिरवणूक पुढं गेली, आम्ही जागेवर. कमिटीचे एक जण आम्हाला हाकायला आले आणि टाळ्या वाजवत तिथंच राहिले.

एवढ्यात पाथरीचे मास्तर गर्दीतून माघारी आले. माझं क्लॅरिनेट ओठाला चिकटलं. त्यांनी 'हीच ती' म्हटलं असतं तर आम्ही वचन मोडलं असं ठरून जिल्ह्यातून उठलो असतो. ते कान देऊन ऐकत राहिले. मग सगळ्यांदेखत म्हणाले, "ही ती न्हाई." आणि खिशातून विडा काढून नवी चाल मागितली.

आमच्या मास्तरांनी हात जोडले. "ही देता येत न्हाई. उद्या वाजवली तर दुसरीच निघंल."

पाथरीकरांनी तोच विडा स्वतः मोडला, अर्धा आपल्या तोंडात टाकला, अर्धा मास्तरांपुढं धरला आणि म्हणाले, "मंग लंगडी तरी दोघांची करू." मास्तरांनी अर्धा विडा तोंडात टाकला. तिथून पुढं दोन्ही बँडांनी मिळून लंगडी वाजवली, आणि मधेमधे आमचं भांडण. परभणीच्या त्या रस्त्यानं असं काही त्याआधी ऐकलं नसेल. कमिटीनं पुढल्या वर्षाची सुपारी तिथंच दिली. पोरांनी मास्तरांना खांद्यावर घेतलं, मलाही घेतलं, नि माझी चप्पल कुठं पडली ते मला आजतागायत माहीत नाही.

खाली उतरल्यावर मी निळीनं माखलेला, अनवाणी, छाती काढून आईसमोर उभा राहिलो आणि कसं वाटलं म्हणून विचारलं. तिनं पदरानं माझं तोंड पुसलं.

"सगळ्या बाया टाळ्या वाजवायल्या म्हणून मीबी वाजवल्या," ती म्हणाली. "मला तं वाटलं, तू चाल इसरलास."