गार दिव्याचा विरोध

मापकाकांचा छापील अक्षरावर काडीचा विश्वास नव्हता. पुड्यावर ‘अर्धा किलो’ छापलेलं दिसलं की त्यांचे हात शिवशिवायला लागत. आता यात त्यांचा तरी काय दोष? उभी हयात वजनमापं तपासणाऱ्या खात्यात गेली. दुकानात शिरायचं, दुकानदाराच्या तोंडचं पाणी पळालेलं डोळे भरून पाहायचं, काटा हलायचा थांबेपर्यंत श्वास रोखून उभं राहायचं आणि मगच माप टिपायचं. “डुलत्या काट्यावर माप घेणाऱ्याला मी माणूस म्हणत नाही,” असं ते पाहुण्यांना चहा यायच्या आत सांगून टाकत.

निवृत्तीच्या दिवशी खात्यानं काटा ठेवून घेतला. खोड तेवढी घरी पाठवली. वर लेकीनं, बाबांना विरंगुळा हवा म्हणून, वाढदिवसाला वीज मोजायचा हातात मावणारा मीटर आणून दिला. झालं! त्या दिवसापासून घरातल्या इस्त्रीला सुखाची झोप नाही.

हेही चालून गेलं असतं. पण मध्ये काकूंची भट्टी आली.

काकू मातीची भांडी करायला शिकत होत्या. शिकवणाऱ्या बाई आता क्लास बंद करून मुलाकडे निघाल्या होत्या आणि आपली छोटी विजेची भट्टी काकूंना द्यायला तयार होत्या. फक्त संध्याकाळपर्यंत हो की नाही ते कळवायचं होतं, कारण दुसरी एक शिष्या टपूनच बसली होती. गॅलरीतल्या फळीवर काकूंचे पेले, वाडगे, एक मान वाकडी झालेली सुरई, सगळी कच्ची मंडळी ताटकळत उभी होती. न भाजलेलं भांडं म्हणजे भांड्याच्या आकाराचा चिखल. हे मापकाकांना पक्कं ठाऊक होतं; एकदा त्यांनी तसल्याच पेल्यात चहा ओतून घेतला होता. लेंग्यावरचा डाग अजून साक्षीला आहे.

“भट्टीवर काय लिहिलंय? दहा अँपिअर,” काका म्हणाले. “दोनशे तीस व्होल्ट गुणिले दहा. तेवीसशे वॅट!”

“बरं मग?”

“मग काय मग? घराला आधीच झेपत नाहीये. थांब, दाखवतो.”

काका स्टुलावर चढले. दिवाणखान्यातला जुन्या पद्धतीचा तारेचा बल्ब बंद केला, गार होऊ दिला, काढला, टेबलावर निजवला आणि त्याच्या बुडाच्या दोन टोकांना मीटरच्या सुया टेकवल्या. आकडा डुलायचा थांबला तेव्हा चाळीस ओहम भरले.

“हा रोध. म्हणजे तार विजेला अडवते किती, ते. आता व्होल्टला या रोधानं भागलं की करंट. पावणेसहा अँपिअर. त्याला पुन्हा व्होल्टनं गुणलं की शक्ती. तेराशे वॅट! आणि वर छापलंय काय? शंभर! दरोडेखोर आहेत हे बल्बवाले.”

“अगंबाई!”

“असे आठ दिवे आहेत घरात. साडेदहा हजार वॅट. आपला मेन फ्यूज तीस अँपिअरचा, त्याची मजल जेमतेम सात हजारांची. म्हणजे हिशेबानं आपलं घर केव्हाच जळायला हवं होतं.”

काकूंनी सभोवार पाहिलं. भिंती जागेवर होत्या. छत होतं. आत गॅसवर दूध होतं, तेसुद्धा उतू गेलेलं नव्हतं.

“मग जळलं कसं नाही हो?”

“तोच तर माझा सवाल आहे!” काका लालबुंद झाले. “आणि त्यात तुला भट्टी हवी!”

“हेच. मी काही मागितलं की तुमचा विरोध.”

“विरोध नाही, रोध! शब्द तरी धड वापर.”

“एकच ते! रोध तो दिव्याचा, विरोध तुमचा. सकाळी गार असता तेव्हा काहीही विचारा, ‘बघू की’ म्हणता. या भट्टीलाही ‘बघू की’च म्हणाला होतात. आणि एकदा का तापलात की नुसती भिंत! चूक माझीच. तुम्ही गार असताना अंदाज घेते आणि दर वेळी फसते.”

एवढं सुनावून काकू दुधाकडे गेल्या.

काका बल्ब हातात घेऊन बसून राहिले. बल्ब गार होता. ‘गार असताना अंदाज घेते आणि फसते.’ त्यांच्या कपाळावरची शीर जरा हलली. काटा शांत होऊ द्यावा, तसा त्यांनी बल्ब शांत होऊ दिला होता. पण मेला गार असताना उजेड देतो कधी?

ते गुपचूप उठले. बल्ब पुन्हा जोडला, या वेळी मीटर विजेच्या वाटेतच बसवला आणि बटण दाबलं. दिवा लागला. मीटर म्हणाला, पॉइंट त्रेचाळीस अँपिअर. अर्धासुद्धा नाही! व्होल्टला करंटनं भागलं : पाचशे पस्तीस ओहम. गार असताना चाळीसवर गप्प पडलेली तार तापल्यावर पाचशेच्या वर अडून बसली होती. गुणून पाहिलं : नव्व्याण्णव वॅट.

जन्मात पहिल्यांदा छापील अक्षर खरं निघालं आणि काकांना घरातलं कुणी परागंदा झाल्यासारखं वाटलं. मनात जुळवलेलं बल्बवाल्यांवरचं तक्रारीचं पत्र विरून गेलं. आठ दिव्यांचे आठशे. फ्रीज, पंखे, इस्त्री धरली तरी भट्टीला जागाच जागा होती.

त्यांनी घसा खाकरून फोन लावला.

“हां, बाई? पाठवून द्या भट्टी. तिच्यासाठी वेगळी जाड तार ओढून घेऊ. मी संपूर्ण शास्त्रीय हिशेब केलाय. त्याचं काय आहे, दिव्याची तार तापली की तिचा रोध वाढतो. इतकी साधी गोष्ट, पण आमच्या घरात कुणाच्या लक्षात यायला तयार नव्हती!”

काकू चहाचा कप घेऊन दारात उभ्या होत्या. ओठांवर आलेलं सगळं त्यांनी चहाबरोबर खाली ठेवलं. भट्टी मावण्यासाठी गॅलरीतलं काकांचं पानापक्कडांचं कपाट हलवावं लागणार होतं, तेही सांगायचंच होतं. पण फोनवर बोलून काका पुन्हा चांगलेच तापलेले दिसत होते.

“घ्या, थंड होईल,” एवढंच त्या म्हणाल्या.

कपाटाचं सकाळी बघू की.