तेरा नंबरची हजेरी

आधीच सांगतो, या सदरातले अनुभव मी आजवर फक्त हसण्यासाठी वाचत आलोय. पांढरी साडी, पैंजण, घाटात लिफ्ट मागणारा म्हातारा... आणि खाली रांगेनं "वाचून काटा आला". काटा येणाऱ्यांची मला कीव यायची. मी गॅस प्लांटमध्ये सेफ्टीला आहे. काही घडलं की त्याचं मूळ कारण शोधून फॉर्मवर लिहायचं, यावरच माझं पोट चालतं. तरी लिहायला बसलोय, कारण एक फॉर्म माझ्याच्यानं पूर्ण होत नाहीये.

गेल्या ईदच्या सुट्टीत कतारमधल्या अल खोरची आम्ही चार मराठी कुटुंबं सायप्रसला गेलो. तेरा माणसं आणि ड्रायव्हरसकट एक मिनी बस. आमच्या मंडळींना घेऊन फिरणं म्हणजे... समोर निळाशार भूमध्य समुद्र पसरलेला आणि हे पार्किंगमध्ये डिकी उघडून भडंगाचा डबा शोधतायत. दर स्टॉपला कुणीतरी गायब. कुलकर्णी तर एकदा भलत्याच टुरिस्ट बसमध्ये जाऊन बसला आणि पाच मिनिटं त्याला पत्ताच नाही. हा गोंधळ मी दुसऱ्याच दिवशी खलास केला. प्लांटवर ड्रिल असलं की सगळ्यांना एका जागी गोळा करून मोजतात, तसे नंबर दिले. बस निघण्याआधी मी पुढच्या सीटवरून "काउंट" म्हणणार आणि एकेकानं आपला नंबर सांगायचा. माझा एक, शेवटचा तेरा. तेरा नंबर बाबांचा.

बाबा, म्हणजे माझे वडील, निफाडकडे झेडपीच्या शाळेत चौतीस वर्षं गुरुजी होते. आई गेल्यावर तीन महिन्यांसाठी माझ्याकडे आलेले. खरं सांगायचं तर मला चारचौघांत त्यांची लाज वाटायची. कानटोपी, मफलर, दिसेल त्या गोऱ्याला शेंगदाण्याचा लाडू. आणि नंबर सांगताना दरवेळी, "तेरा, हजर." वर्गात बसल्यासारखं. सगळे हसायचे आणि माझं डोकं फिरायचं.

"बाबा, नुसता आकडा सांगा. शाळा नाहीये ही."

"बरं," म्हणायचे, आणि पुढच्या स्टॉपला पुन्हा तेच. एकदा हळूच म्हणाले, "नितीन, मी हजेरी घेताना मान वर करून तोंडं बघायचो. पोरं दुसऱ्याच्या नावाला ओ देतात रे."

"तुमच्या पद्धती तुमच्या शाळेत ठेवा," मी सगळ्यांसमोर म्हटलं. ते खिडकीबाहेर बघायला लागले. माझ्या बायकोनं, मानसीनं, मला कोपरानं ढोसलं.

चौथ्या दिवशी ट्रूडोसच्या डोंगरात गेलो. खाली किनाऱ्यावर लिमासोलला लोक हाफ पँटवर फिरत होते, वर रस्त्याच्या कडेला अजून मळक्या बर्फाचे ढीग. पाइनच्या जंगलातून धबधब्यापर्यंत पाऊण तासाची पायवाट आहे. आम्ही वर असताना ड्रायव्हरनं खालून हॉर्न मारमारून बोलावलं होतं म्हणे, आमच्यापैकी एकालाही ऐकू आला नाही. तीनच्या सुमाराला धुकं उतरायला लागलं. मी सगळ्यांना यल्ला यल्ला, चला चला करत खाली आणलं, बसमध्ये कोंबलं आणि मोबाइलवर रस्ता बघत काउंट घेतला. बारा म्हणाला कुलकर्णी. मग गॅप. मी चिडून म्हटलं, "तेरा?"

"तेरा, हजर."

आवाज शेवटच्या सीटकडून आला, थोडा धापा टाकत. कुलकर्ण्याची मुलगी "सो क्यूट, आजोबा" म्हणाली. मी मागे वळून पाहिलं नाही. ड्रायव्हरला म्हटलं, चला.

चाळीस मिनिटांनी एका गावात कॉफीला थांबलो. मानसी थर्मास घेऊन मागे गेली आणि तिथूनच म्हणाली, "नितीन, बाबा कुठायत?"

शेवटच्या सीटवर त्यांची पिशवी होती. त्यांचा फोन तिच्यात, इन्सुलिनही तिच्यातच.

बस मागे धबधब्याकडे वळवली आणि त्या रस्त्यात मी एकेकाची उलटतपासणी घेतली. आवाज मी धरून बाराही जणांनी ऐकला होता. बाबांना बसमध्ये चढताना पाहिलं मात्र कुणीच नव्हतं. कुलकर्ण्यानंच नक्कल केली असणार म्हणून मी त्याच्यावर खेकसलो. तो रडवेला होऊन आईशप्पथ नाही म्हणाला. त्याची मुलगी म्हणाली, "काका, आय हर्ड हिम. राइट बिहाइंड मी." तिच्या मागे फक्त ती पिशवी होती.

बाबा सापडले पार वर, धबधब्याजवळच्या लाकडी बाकावर. पाय मुरगळलेला, ओठ निळे, हात गारठून गेलेले. मला पाहून धडपडत उठायला लागले. त्यांच्या चेहऱ्यावर भीती होती... अंधारून आलं होतं त्याची नाही, माझी.

"मी लगेच ओ दिली रे," ते म्हणाले. "तू तेरा म्हणालास ना, चिडून, ते ऐकू आलं. म्हटलं पटकन बोलावं, नाहीतर पुन्हा सगळ्यांसमोर बोलशील. मग बसलो वाट बघत."

कुलकर्ण्यानं आणि मी त्यांना आळीपाळीनं पाठीवर घेऊन खाली आणलं. त्या उतारावर मी रडलो, हे कुलकर्ण्यानं आजवर कुणाला सांगितलेलं नाही. ज्या कुलकर्ण्याला मी चार दिवस मूर्ख समजत होतो, तो हा माणूस.

अल खोरला परतल्यावर मी सवयीनं फॉर्म भरायला घेतला. चूक कुणाची, तिथे माझं नाव घातलं. माझा आवाज वर कसा पोचला आणि त्यांचा बसमध्ये कसा आला, तिथे काहीच लिहिता आलेलं नाही. सगळ्यांना एकदम भास झाला असेल, असं सुचवायची तसदी कुणी घेऊ नये. ते मी स्वतःला सांगून बघितलंय. भास बारा जणांना झाला, तर वर बाकावर बसलेल्या बाबांनी काय ऐकलं, याचं उत्तर मला अजून मिळालेलं नाही.

बाबा आता निफाडला असतात. पाय बरा आहे. पूर्वी फोन उचलताना पहिला शब्द "हजर" असायचा, सायप्रसनंतर तो बंद झाला. गेल्या शुक्रवारी व्हिडिओ कॉलवर मीच धीर करून म्हटलं, "बाबा... तेरा?"

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. कानटोपी नीट केली.

"तेरा," म्हणाले. नुसता आकडा.