आक्काच्या नावाचा टी-सेट

लंकाआक्का म्हणजे माझ्या नवऱ्याची, ललितची, थोरली बहीण. नामपूरची. आईबाप लवकर गेले, नवराही गेला, मग तिनंच भावाला वाढवलं. दिवसभर कांदा निवडायचा आणि भावाला नाशिकला शिकवायचं, यातच तिची उमर गेली. लिहिता-वाचता येत नव्हतं. आपलं नाव मात्र कुठंही लिहिलेलं असो, बरोब्बर ओळखायची.

१९९६ साली आम्ही नाशिकला सिडकोत घर घेतलं आणि मी हॉलमध्ये सुताराकडून भिंतभर शोकेस करून घेतली. सरकत्या काचा, आत ट्यूबलाइट. काय सांगू, त्या शोकेसपायी मी येडी झाले होते! दर रविवारी सगळं खाली काढायचं, काच ओल्या वर्तमानपत्रानं पुसायची, कपांचे कान एका बाजूला करून लावायचे. पोरीनं हात लावला की धपाटा. पाहुण्यांना चहा मात्र स्टीलच्या कपात. ललित म्हणायचा, "देवघरापेक्षा इथं सोवळं जास्त."

वास्तुशांतीला आक्का आली ती एसटीनं, गोधडीतलं गाठोडं मांडीवर सांभाळत. आत चिनी मातीचा टी-सेट. पांढरा शुभ्र, सोनेरी काठाचा. मी हरखलेच. मग किटली हातात घेऊन फिरवली. अगं आई गं! किटलीच्या पोटावर लालभडक ऑइलपेंट, त्याला पिवळी सावली, 'लंकाबाईकडून ललितला सप्रेम'. सहाही बशांवर तेच.

आहेराच्या भांड्यावर नाव घालतात, मान्य. पण ते स्टीलवर, मशीननं. भांडीवाला आक्काला म्हणाला, चिनी माती तडकेल. नाव नसेल तर आहेर कसला, म्हणून हिनं मोतीराम पेंटरला गाठलं. तो ट्रॅक्टरच्या मागे नावं रंगवायचा, त्यानं इथंही तस्संच रंगवलं.

"भाऊना घरमा मन्हं नाव ऱ्हाई," आक्का म्हणाली. आमचं घर हेच तिचं माहेर होतं, दुसरं होतंच कुठं?

महिन्याभरात संक्रांतीचं हळदीकुंकू आलं. कॉलनीतल्या बायका यायच्या होत्या. म्हटलं, या बाया काय म्हणतील, शोकेसमध्ये ट्रॅक्टर आणून ठेवलाय? ललित ड्यूटीवर गेला तशी मी रॉकेल आणि ब्लेड घेऊन बसले आणि दुपारपर्यंत सगळी नावं खरवडून काढली. संध्याकाळी ललितनं किटली बघितली. "आक्काला काय सांगशील?" एवढंच म्हणाला आणि हातपाय धुवायला गेला.

आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, आक्का माहेरपणाला आली. चपला काढल्या न काढल्या तोच शोकेसपुढे उभी. काचेवर बोट ठेवून एकेक बशी शोधत गेली.

"मन्हं नाव कोठे गयं वं, उज्वला?"

मी पापणीसुद्धा हलवली नाही. "धुताना गेलं हो, आक्का. रंगच कच्चा निघाला."

"मेला मोतीराम!" आक्का म्हणाली. तिनं लगेच विश्वास ठेवला. ललितनं पेपरातून डोकं वर काढलं नाही.

त्यानंतर आठ आखाज्या आल्या. दरवर्षी ती त्या शोकेसपुढे उभी राहून मोतीरामला एक शिवी हासडायची आणि मी मनात म्हणायचे, आज सांगू. रात्री पाय चेपताना सांगू. एसटीत बसवताना सांगू. रागावली असती, दोन दिवस जेवली नसती, मग आपणच हसली असती. मला का नाही जमलं? तिच्या नजरेत मी चांगली भावजय होते ना, ते सोडवेना.

२००५ साली आक्का गेली. दहाव्याला आम्ही नामपूरला होतो. ओट्यावर बायका बसल्या होत्या, तिथं एक वाळका म्हातारा माझ्यापुढे येऊन उभा राहिला. मोतीराम पेंटर.

"वहिनी, मी तिना राखीना भाऊ," तो म्हणाला. "आठ वरीस बोलनी नही आक्का मन्हासंगे. राखी बंद करी टाकी. मी सांगं, ट्रॅक्टरवरलं नाव धा पावसाळा टिकस, कपबशीवरलं जाईच कसं, कोणीतरी खरवडं व्हई. तर भर बाजारमा म्हने, मन्ही भावजई खोटं बोलत नही, तुन्हाच रंग खोटा शे."

त्यानं हात जोडले. "खरं सांगा वहिनी. कच्चा व्हता का रंग?"

ललित माझ्याकडे बघत होता. एक शब्द बोलायचा होता, बस. आक्का तर आता ऐकणारही नव्हती.

मी पदर डोक्यावर ओढला आणि म्हणाले, "कच्चाच होता, दादा."

त्यानं बराच वेळ मान हलवली. मग आत गेला, आक्काच्या फोटोपुढे गुडघे टेकले आणि सगळ्यांदेखत तिची माफी मागितली.