ताईच्या लग्नाची कच्ची कॅसेट

माळ्यावरच्या पिशवीतून ती व्हिडिओ कॅसेट काढली, तेव्हा बोटाला आधी लागलं ते झुरळाचं अंडं. कव्हराच्या कोपऱ्यात तपकिरी, गच्च चिकटलेलं. मी किंचाळलो आणि स्टुलावरून पडता पडता वाचलो. आई खालून म्हणाली, "फुटली नाही ना रे?" कॅसेट म्हणायचं होतं तिला. माझी मान मोडली असती तरी तिनं आधी हेच विचारलं असतं.

बाबांना जाऊन दहा महिने झाले होते. वर्षश्राद्धाला सगळे आमच्याकडे जमणार, तेव्हा त्यांना बाबांचा आवाज ऐकवायचा, असं आईनं परस्पर ठरवून टाकलं होतं. ताईच्या लग्नात बाबांनी मंगलाष्टकं स्वतः रचली होती आणि स्वतःच म्हटली होती. त्याखेरीज त्यांचा आवाज कुठेही उरला नव्हता. घरात टेपरेकॉर्डर होता, पण त्यावर आम्ही जन्मभर दुसऱ्यांची गाणी ऐकली.

कॅसेटी दोन होत्या. 'मिक्सिंग' केलेली ताईबरोबर सासरी गेली. तिच्यात बाबा तोंड हलवतात आणि ऐकू येतं ते सिनेमातलं गाणं. शी! त्या काळी व्हिडिओवाले सगळ्याच लग्नांचं असं वाटोळं करायचे. गुलाबाच्या फुलातून नवरीचं डोकं बाहेर काय यायचं, नवरदेव बदामात गोल गोल काय फिरायचा! पण खरा आवाज असलेली कच्ची कॅसेट आमच्याकडे राहिली होती. आईची सगळी भिस्त तिच्यावर.

आमची बिल्डिंग भाईंदर पूर्वेला, मागे मिठागरं. बारा महिने दमट, खारट हवा. इथे चपलांना बुरशी येते, तर कॅसेटीची काय कथा. स्क्रू काढून उघडली, तर रिळाच्या कडेनं पांढरी बुरशी, बिघडलेल्या लोणच्यावर येते तशी. वास तर असा, की जेवण जाईना. तीन संध्याकाळी मी नाकाला रुमाल बांधून, कापडाला स्पिरिट लावून ती टेप वीत वीत पुसत बसलो. कापड काळं व्हायचं, शिंका थांबायच्या नाहीत. आई मधूनमधून येऊन "हळू रे, हळू" म्हणायची. माझं डोकं फिरायचं.

आमचा व्हीसीआर कधीच भंगारात गेला होता. तिसऱ्या मजल्यावरच्या गुजराती काकांनी त्यांचा जपून ठेवला होता. देताना म्हणाले, "देखो भाई, फंगसवाली कॅसेट मत डालना हां, हेड खराब हो जाएगा." मी म्हटलं, "नहीं नहीं अंकल, एकदम साफ है."

मग कॅसेट कॉम्प्युटरवर उतरवायला घेतली, तर त्याचे नखरे. टीव्ही ट्यूनर कार्ड बसवलं, वायरी जोडल्या, रेकॉर्डिंग चालू केलं. चित्र जरा थरथरलं की तो ठप्प. पुन्हा चालू करावा, तर आवाज पुढे आणि ओठ मागे. हार्ड डिस्क भरली म्हणून माझे सगळे गेम उडवले, तरी रडगाणं तेच. कुठून या भानगडीत पडलो असं झालं. तिकडे आईनं काकांना, आत्याला फोन करून सांगूनही टाकलं होतं, "ह्यांचा आवाज ऐकायला मिळणार आहे."

शेवटी एका रविवारी सकाळी गाडी रुळावर आली. आई आंघोळ करून, इस्त्रीची साडी नेसून कॉम्प्युटरसमोर खुर्ची टाकून बसली. पडद्यावर लग्न सुरू झालं. रंग फुटलेले, खाली पट्टे. कॅमेरावाल्याचा जीव सगळा जेवणाच्या पंगतीत. कोणीतरी बोटं चाटतंय, कोणी दातांत काडी घालतंय. मला ओकारी यायला लागली. आईला त्यातलं काही दिसतच नव्हतं.

अंतरपाट धरला. बाबा पुढे आले. खिशातून घडी केलेला कागद काढला, चष्मा लावला आणि खाकरले.

"आले!" आई म्हणाली.

आणि पडद्यावर हिरवंगार मैदान आलं. क्रिकेटची मॅच. कॉमेंट्रीवाला इंग्रजीत बडबडत होता.

"पुढे कर," आई म्हणाली. मी पुढे केलं. मॅच. आणखी पुढे केलं. मॅचच. टेप संपेपर्यंत मॅच, आणि तीही आपण हरलेली.

आईनं कॅसेट मागितली, चष्म्याजवळ धरली. "ही पट्टी कोणी लावली रे?"

कॅसेटच्या कडेला प्लॅस्टिकचा एक छोटा तुकडा असतो. तो मोडला की तिच्यावर दुसरं काही भरता येत नाही. व्हिडिओवाल्यानं तो मोडूनच दिला होता. पण त्या भोकावर चिकटपट्टी मारली की मशीन फसतं. तेव्हा कॉलेजातल्या प्रत्येकाला ही युक्ती ठाऊक होती. मला त्या मॅचच्या दिवशी क्लासला जायचं होतं, घरात कोरी कॅसेट नव्हती, आणि मॅच बुडवायची नव्हती. पट्टी मीच मारली होती. तीन संध्याकाळी तिच्या आजूबाजूनं पुसताना मला काही म्हणजे काही आठवलं नव्हतं.

"बाबांनीच लावली असेल," मी म्हणालो.

तोंडातून निघून गेलं. झुरळाच्या अंड्याची आली नव्हती तेवढी किळस मला स्वतःची आली. आई एवढंच म्हणाली, "ते खाकरणं परत लाव." मी लावलं. चार-पाच वेळा लावलं.

वर्षश्राद्धाला काका आले, आत्या आली. पानं वाढली गेली. काकांनी विषय काढलाच, "काय रे, दादाचा आवाज ऐकवणार होतास ना?"

मी तोंड उघडायच्या आत आई म्हणाली, "अहो, कुठला आवाज! ह्यांनीच त्याच्यावर मॅच भरून ठेवली होती."

"दादानं?" काकांचा हात पानातच थांबला. "वहिनी, त्याला क्रिकेटमधलं ओ की ठो कळत नव्हतं. मॅच लावली की उठून जायचा तो."

खोटं बोलताना माझ्या हे ध्यानातही आलं नव्हतं. आईच्या ध्यानात न येणं शक्यच नव्हतं.

"शेवटी शेवटी लागला होता नाद," आई म्हणाली, आणि वाकून माझ्या पानात खीर वाढली.