उसण नव्हतीच ती

मी पायाळू. जन्मताना डोक्याआधी पाय बाहेर आले. अशा माणसानं पाठीला पाय लावला की उसण जाते, असं आमच्याकडं सगळे मानतात. शिकलो काही नाय, पण पायाला पडेगावात किंमत होती.

बायको सीताफळाची पाटी डोक्यावर घेऊन मळ्यातून सडकेला चढायची. दुसरी पाटी घेऊन मी मागं. चढाच्या मध्यावर एक सपाट दगड हाय. पुढं पुढं तिथं आली की तिच्या पाठीत कळ उठायची, पार जबड्यापर्यंत जायची. पाटी उतरवून ती दगडावर बसायची अन् पाठ माझ्याकडं करायची.

"अवो, लावा पाय."

"नवऱ्याची लाथ मागून घेणारी तू एकलीच."

"मागून घेते तेच बरं. न मागता देणारे लई हायेत गावात."

तिचा खांदा धरून मी पाय लावायचो. जरा वेळानं कळ जायची. मग एखादं फुटलेलं सीताफळ दोघं मिळून खायचो. बी लांब कोण थुंकतंय बघायचो. तीच जिंकायची.

पुढं रिकाम्या डोक्यानं चढतानाही कळ यायला लागली, डावा हात जड पडायचा. मग सरकारी दवाखान्यात नेलं. डॉक्टरीणबाईंनी विचारलं, "काकी, दुखणं थांबतं कशानं?"

"यांच्या पायानं."

बाईंनी माझ्या पायाकडं बघितलं. "पाय लावतात तेव्हा तुम्ही बसलेल्या असता?"

"मग? उभ्या माणसाच्या पाठीला यांचा पाय पोचंल व्हय?"

बाई हसल्या नाहीत. नीट समजावलं. हृदय साऱ्या अंगाला रक्त देतं, पण त्याला सोतालाही रक्त लागतं. ते नेणाऱ्या नळ्या आतून चरबी साठून अरुंद झाल्या होत्या. चढताना जास्त रक्त लागतं, तेवढं पोचत नाय, म्हणून कळ. बसलं की भागतं. बायकांना ती कळ कधी छातीत न येता पाठीत, जबड्यात येते.

परतीच्या बसमध्ये बसलो. मग ती म्हणली, "म्हंजी इतकी वर्षं दगडाचं पुण्य तुम्हीच खाल्लं."

गोळ्या सुरू झाल्या, पाटी बंद झाली. तरी दगडापाशी आली की जिभेखाली गोळी धरून पाठ फिरवायची. "लावा. सवय हाय."

असे आणखी काही हंगाम मिळाले. मग एकदा घरात बसल्या बसल्या कळ आली. बसूनही थांबली नाय, गोळीनंही नाय. दवाखान्याच्या वाटेतच गेली.

परवा शेजारचा रिक्षावाला आला. "चाचा, पीठ में उसण भरी. पाँव लगाव."

"चढताना दुखतं का? बसल्यावर थांबतं?"

"वैसा कुछ नै."

"तरी आधी डॉक्टर. मग पाय."

कुरकुरत गेला. संध्याकाळी परत हजर. "दिल एकदम ठीक बोले. अब तो लगाव."

ओसरीवर बसवला. पाय उचलला तसा तोल गेला, भिंत धरावी लागली. पहिलं धरायला तिचा खांदा असायचा.