हळदीच्या लुगड्याचा पदर

अवस आली की आमच्या गल्लीतले माग गप्प होत. त्या दिवशी धोट्याला हात लावायचा नाही, सुताला खळ द्यायची नाही, चरखा फिरवायचा नाही. अकोल्याच्या जुन्या शहरात, मोर्णा नदीच्या काठाला आमची कोष्ट्यांची गल्ली. एरवी दिवसभर खटखट चालायची, त्यामुळे अवसेला कानांना चुकल्याचुकल्यासारखं व्हायचं. पुरुष पारावर चिलीम ओढत बसायचे आणि आम्ही बाया दुपारची भांडी घासून देवीच्या मंडपात जमायचो. त्याला आम्ही बैठक म्हणायचो. बैठक कसली हो, निम्मा वेळ सासवांच्या चहाड्या आणि निम्मा वेळ कोणाचं सूत जाड, कोणाचं बारीक, याच्या पंचायती. पण सुनांना दात काढून हसता येईल अशी दुसरी जागा गल्लीत नव्हती. मी महिनाभर त्या दिवसाची वाट बघायची.

बैठकीचा एक रिवाज होता. गल्लीत मुलीचं लग्न ठरलं की तिचं हळदीचं लुगडं सगळ्या गल्लीनं मिळून करायचं. लांबीचं उभं सूत, म्हणजे ताणा, तो मुलीच्या घरचा. आडवं सूत, म्हणजे बाणा, तो गल्लीतल्या प्रत्येक घरातून एकेक लडी. चूल वेगळी म्हणजे घर वेगळं, असा हिशेब. बाया बैठकीला लड्या आणायच्या आणि काकी ती एकेक लडी मुठीत धरायची. काकी म्हणजे गल्लीतली सर्वांत वडील बाई, सगळ्यांचीच काकी. तिची बोटं लडीभोवती एकमेकांना टेकली नाहीत तर लडी पुरी, टेकली तर कमी. तराजू-बिराजू काही नाही. तिची मूठ कधी चुकल्याचं कोणी ऐकलं नव्हतं.

लुगडं विणून झालं की हळदीत बुडवायचं आणि तेच नेसून नवरी बोहल्यावर चढायची. सासरची माणसंही कोष्टीच. ती लुगडं आधी हातानं चाचपायची, मग नवरीकडं बघायची. लुगड्यात घराघरांतलं जाडबारीक सूत बोटाला लागलं नाही तर त्यांनी समजून जायचं की या पोरीच्या मागं कोणी नाही. आणि जिच्या मागं कोणी नाही तिला सासरी कसं वागवतात, ते मी काय सांगावं!

त्या वर्षांत कापसाला असा भाव आला की माणसं येडी झाली. सातासमुद्रापार कुठंतरी लढाई पेटली होती म्हणे. तिकडचा कापूस अडला म्हणून आमचा विलायतेला निघाला. कुणब्यांच्या बैलांच्या गळ्यात चांदीच्या घंटा आल्या. त्याचं मला वाईट वाटत नाही. काळ्या मातीत राबणाऱ्यानं कधीतरी चांदी बघावी की! पण कापूस झाडावर असतानाच विकला जाऊ लागला आणि आम्हाला वातीपुरता मिळेना. आधी वेचणीच्या दिवसांत ओळखीच्या कुणबिणी ओंजळभर कापूस आणून टाकायच्या आणि चोळीचा खण घेऊन जायच्या. आता त्याच बाया नजर चुकवून पुढं निघायच्या. माझे घरधनी माग सोडून अमरावतीच्या बाजारात गेले, कापसाचे गठ्ठे उचलायला. जो कापूस विणायचा तोच पाठीवर वाहायचा! मला इतका संताप यायचा की भाकरी थापताना परातीचा आवाज शेजारी जायचा.

अशा दिवसांत माझ्या नणंदेचं लग्न ठरलं. अकरा-बारा वर्षांची पोर, त्या काळी तेच वय. परतवाड्याचं स्थळ होतं, माग चालू असलेलं घर, माणसं बरी. नणंदेची आई तिच्या जन्माच्या वेळीच गेलेली. तिला वाढवलं ते आत्यानं. आत्या म्हणजे माझ्या सासऱ्यांची बहीण, लहानपणीच विधवा होऊन माहेरी आलेली. परसातल्या खोलीत तिची वेगळी चूल होती. नणंद त्याच खोलीत वाढली, तिथंच जेवायची, तिथंच निजायची. तिला आत्याच म्हणायची. फक्त ताप चढला की माय, माय करायची.

मामाजींनी, म्हणजे सासऱ्यांनी, ताण्यापुरतं सूत कधीचं जपून ठेवलं होतं. प्रश्न बाण्याचा होता. बैठक चैत्रातल्या अवसेला, आणि लग्न त्यानंतर वैशाखात.

आत्या रोज उन्हं चढायच्या आत घराबाहेर पडू लागली. कुठं जाते, सांगेना. एक दिवस तिचे हात बघितले तर कोपरापर्यंत ओरखडे.

"आत्याबाई, हे काय व? मांजरीशी भांडून राहिल्या का?"

"बाभयीशी," ती म्हणाली आणि ओचा उघडून दाखवला. अमरावतीच्या वाटेनं कापसाच्या गाड्या अशा तुडुंब भरून जायच्या की दोन्ही बाजूंच्या बाभळी त्यांना ओरबाडायच्या आणि काट्यांना कापसाचे पुंजके लटकून राहायचे. आत्या ते एकेक वेचून आणत होती. बोटांनीच मोकळा करायची, पेळू करायची आणि खोलीत बसून कातायची.

"पन आत्याबाई, तुमची लडी..." एवढं बोलून मी जीभ चावली. विधवेचं सूत नवरीच्या लुगड्यात घालत नाहीत, हे मला ठाऊक होतं. तिला तर माझ्याही आधीपासून ठाऊक होतं.

"घेतली तं घेतली, नाई तं नाई," ती म्हणाली. "मले काताले कोन नाई म्हनते?"

चैत्रातली अवस आली. बाया मंडपात जमल्या खऱ्या, पण त्या दिवशी हसणं नव्हतं. प्रत्येकीचा हात पदराखाली. काकीनं हाक मारली तशी पहिली लडी बाहेर आली. लाल. दुसरी आली ती निळी. तिसरी कधीकाळी हिरवी असावी. नवं सूत कोणाकडंच नव्हतं. सगळ्यांनी आपापली जुनी लुगडी उकलून सूत काढलं होतं. माझ्या समोर बसलेली बाई ठिगळ लावलेलं नेसून आली होती, आणि तिचं लग्नातलं लाल लुगडं लडी होऊन काकीच्या पुढ्यात पडलं होतं. आमच्या पोरीसाठी बायांनी पेट्या रिकाम्या केल्या होत्या. काकी एकेक लडी मुठीत घ्यायची आणि म्हणायची, "पुरी."

शेवटी पायरीवर बसलेल्या आत्यानं हात पुढं केला. पांढरीशुभ्र लडी. सगळ्या मंडपात तेवढंच नवं सूत.

काकीचा हात पुढं गेला आणि मागं आला. "बाई, तुले ठाऊक हाय ना?"

"हाय."

"पोट्टीचं वाईट व्हावं असं वाटते का तुले?"

आत्यानं नाही म्हणून मान हलवली आणि लडी परत पदराखाली घेतली. माझ्याच्यानं राहवेना. मी उठून उभी राहिले. "अवं काकी, काट्यातून वेचलं तिनं ते! हात तं पाहा तिचे!"

"बस खाली. मोठी आली शिकवनारी."

बसले. काय करणार? काकी दुष्ट नव्हती हो. तिची एकुलती एक मुलगी लग्नाच्या वर्षातच गेली होती. तेव्हापासून नवरीच्या लुगड्याचं काही असलं की ती फुंकून फुंकून पाऊल टाकायची. पण आत्या उठून गेली तेव्हा माझ्याजवळ बसलेली नणंद तिच्या मागं पळाली, ते मला बघवलं नाही.

मामाजींनी लुगडं मागावर घेतलं. लाल पट्टा, निळा पट्टा, मग मातकट. लग्न तोंडावर आलं. एक दिवस मी स्वयंपाकात होते आणि मागाची खटखट एकदम थांबली. वाटलं, झालं लुगडं. जाऊन बघते तो मामाजी कपाळाला हात लावून बसलेले. लड्या संपल्या होत्या आणि पुढं हातभर ताणा नुसता उघडा पडला होता. पदराचीच जागा.

"काकीनं तं पुऱ्या म्हनल्या होत्या," मी म्हणाले.

मामाजींनी एक सुटलेला धागा चिमटीत धरून मला दाखवला. उकललेलं सूत सरळ राहत नाही, कुरळं होतं. कुरळं सूत मुठीत फुगतं. मूठ भरते, पण सूत तेवढं नसतं. काकीची मूठ जन्मभर नव्या सुताला सरावलेली. आणि आम्ही सगळ्या हाडाच्या कोष्टिणी तिथं बसून होतो, एकीच्याही डोक्यात हे आलं नाही! आमच्यासारख्या येड्या आम्हीच.

पुढची अवस लग्नानंतरची. उकलायला कोणाकडं काही उरलं नव्हतं. मी तर अंगावरचंच उकलायला निघाले होते, मामाजी ओरडले म्हणून थांबले. आखूड लुगड्यात पोर उभी करायची म्हणजे गल्ली अपुरी पडली असं सांगण्यासारखंच. परतवाड्याची माणसं आल्या पावली माघारी फिरली असती.

तेवढ्यात नणंद परसातून आली. हातात आत्याची पांढरी लडी. ती तिनं सरळ मागावर ठेवली.

"बाबा, हे घाला."

मामाजी लडीकडं बघत राहिले. हात लावेनात. "वरल्या पदराले... डोक्यावर येते तो, पोरी."

"म्हूनच घाला."

मामाजींनी मला काकीकडं धाडलं. काकी आली, कुरळा धागा तिनं बोटांनी चाचपला आणि सोडून दिला. "माही मूठ चुकली व माय," ती म्हणाली. एवढी कडक बाई, पण त्या वेळी तिचा चेहरा बघून माझा सगळा राग उतरला. तिनं पांढरी लडी उचलून मुठीत धरली. बोटं टेकायचं नाव घेईनात.

"काकी," नणंद म्हणाली, "मले देवी आल्या होत्या तवा माह्या अंगावर हात फिरवाले कोन होतं? तुमी समद्या दुरून पाहत होत्या. तवा तिचा हात वाईट नव्हता, मंग आता काहून झाला?"

कोणी पोरीला गप्प केलं नाही. काकीनं मुठीतली लडी एकदा उलटी करून बघितली. मग तिनं मामाजींना विचारलं, "इची चूल वेगळी हाय ना?"

"हाय."

"मंग ते घर हाय. बाना साऱ्या घरचा लागते. माह्याच हातानं एक घर सुटलं होतं." लडी तिनं मामाजींच्या हातात दिली. "अन् काई झालं तं माह्यावर येऊ दे."

मामाजींनी ते सूत धोट्याच्या कांडीवर भरलं. त्या दिवशी खटखट ऐकत मी परसाच्या दारात उभी राहिले. आत्या आपल्या खोलीत तांदूळ निवडत होती. तिलाही ती ऐकू जात होती. तिनं एकदाही मान वर केली नाही, पण निवडलेल्या तांदळात परत खडे टाकत होती.

लुगडं हळदीत बुडवलं तेव्हा एक गंमत झाली. लाल-निळ्यावर हळद चढली ती मातकट, मळकी. पदर मात्र असा पिवळाधम्मक निघाला की वाळत घातला तेव्हा अख्खी गल्ली बघायला आली.

परतवाड्याचं वऱ्हाड गाड्या जुंपून आलं. आमच्या ओसरीवर नणंदेला लुगडं नेसवून बसवलं. विहीणबाई उंच, करड्या आवाजाच्या. रिवाजाप्रमाणं त्यांनी लुगडं चाचपायला घेतलं. निरीवरून बोट फिरवलं आणि म्हणाल्या, "उकललेलं हाय." मी विहीणबाईंपुढं पानाचं तबक सारलं. "आमच्या इकडे बी तेच हाय, बाई," त्या पुढं म्हणाल्या. मग बोट पदरावर आलं आणि थांबलं. त्यांनी पदर उलटा करून बघितला.

"हे तं नवं सूत हाय. यंदाच्या सालात नवं सूत कोनाच्या घरचं?"

काकी खाली बघत होती. माझं तोंड एरवी बंद होत नाही, पण तेव्हा मी पदराचं टोक दातात धरलं. खरं सांगितलं तर लग्न मोडेल, आणि खोटं सांगितलं तर आत्याला दुसऱ्यांदा बैठकीतून उठवल्यासारखं होईल. नवरीनं बोलायचं नसतं. नणंद बोलली.

"माह्या मायचं."

विहीणबाईंच्या कपाळाला आठ्या पडल्या. "सोयरीक करतानी तं सांगतलं होतं, पोरीले माय नाई म्हून."

नणंद परसाच्या दाराकडं बघू लागली. तिथं फळीच्या आड आत्या उभी होती, शुभकार्यात समोर यायचं नाही म्हणून. तिचा पांढरा पदर आणि दाराला धरलेली बोटं तेवढी दिसत होती. बोटांवरचे काट्यांचे वण अजून गेले नव्हते.

विहीणबाईंनी तिकडं बघितलं. त्या बोटांकडं बघितलं, मग परत हातातल्या पदराकडं. त्याही जन्मभर सूत कातलेल्या.

"मंग माय तिकडे दाराआड काहून उभी हाय?" त्या म्हणाल्या.

मग काकीच उठली, दारापाशी गेली आणि आत्याच्या मनगटाला धरून तिला बाहेर घेऊन आली. आत्या पोरीसमोर येऊन उभी राहिली. तिनं तो पिवळा पदर पोरीच्या डोक्यावर नीट ओढला.

"सांभाय," ती म्हणाली. "वारा हाय."